बाहेरचं लाकूड कमी विषारी पद्धतीनं कसं टिकवायचं

लाकूड पाण्यानं कुजत नाही. ओलाव्यावर वाढणाऱ्या बुरशीनं कुजतं. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला, तर बुरशीला त्यात पाय रोवता येत नाहीत. म्हणून औषधाचा डबा उघडण्याआधी पाणी कुठे साचतं ते बघा. फळ्यांमध्ये फटी ठेवा, खांबाचा माथा उतरता कापा आणि त्याचं बूड मातीत न पुरता धातूच्या बैठकीवर जमिनीपासून थोडं उचलून बसवा. एवढं केलंत तर निम्मं काम औषधाशिवायच झालं.

1933 मध्ये भारतीय शास्त्रज्ञ सोंटी कामेशम यांनी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं जे मिश्रण शोधलं, ते ‘सीसीए’ या नावानं जगभर वापरलं गेलं. ते काम चोख करतं, पण त्यातलं आर्सेनिक हळूहळू माती आणि हातांपर्यंत पोहोचतं. अमेरिकेत 2003 च्या अखेरीस बहुतेक घरगुती लाकडासाठी ते बंद झालं. वापरलेलं इंजिन ऑइल फासण्याची सवय तर आजच सोडा. त्यात जड धातू असतात आणि पावसाबरोबर ते जमिनीत उतरतात.

घरी करण्यासारखा माझ्या मते सर्वांत चांगला उपाय म्हणजे आत बोरॉन (टाकणखार आणि बोरिक पावडरीतलं बुरशी रोखणारं द्रव्य) आणि वर तेल.

1. लाकूड साफ करा. जुना रंग, पॉलिश खरवडून काढा, नाहीतर द्रावण आत शिरणारच नाही. कापणं, भोकं पाडणं याच वेळी उरका.

2. 10 लिटर गरम पाण्यात 600 ग्रॅम टाकणखार आणि 400 ग्रॅम बोरिक पावडर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. दोन्ही एकत्र घातल्यानं एकेकट्यापेक्षा जास्त विरघळतात. हातमोजे घाला. स्वयंपाकाचं भांडं नको, आणि मुलं व जनावरं लांब ठेवा: हे कमी विषारी आहे, निर्धोक नव्हे.

3. बारीक फळ्या द्रावणात बुडवून ठेवा; जाड खांबांना ब्रशनं दोन-तीन हात द्या. कापलेल्या टोकांवर सगळ्यांत जास्त वेळ घालवा. लाकडाच्या नळ्या तिथेच उघड्या असतात. पाणी तिथूनच शिरतं आणि औषधही.

4. ओल्या फळ्या प्लास्टिकखाली काही आठवडे झाकून ठेवा. बोरॉन लाकडातल्या ओलाव्यातूनच आत सरकतं, त्यामुळे इथे घाई केली तर ते वरच्या थरातच राहतं. मग झाकण काढून सावलीत पूर्ण वाळू द्या.

5. आता तेल. बोरॉन पाण्यात विरघळतं, म्हणून उघड्यावर पाऊस त्याला धुऊन काढतो. तेलाचा थर ती गती कमी करतो. डबल बॉइल्ड, म्हणजे लवकर वाळावं म्हणून प्रक्रिया केलेल्या, जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या आणि 15-20 मिनिटांनी जास्तीचं पुसून टाका. जाड थर चिकट राहतो. बोरॉनशिवाय नुसतं जवसाचं तेल लावून थांबू नका, दमट जागी त्याच्यावरच काळी बुरशी धरते.

तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका! वाळताना ते तापतात आणि आपोआप पेटू शकतात. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा.

जमिनीला टेकणाऱ्या लाकडाला मात्र ही पद्धत पुरत नाही. तिथे कारखान्यात दाबाखाली तांब्याचं औषध मुरवलेलं, आर्सेनिक नसलेलं लाकूड घ्या. त्यातलं तांबं साधे खिळे गंजवतं, म्हणून स्टेनलेस स्टीलचे किंवा जाड जस्त चढवलेले वापरा. असं लाकूड कापलंत तर उघडं पडलेलं टोक पुन्हा औषधानं भिजवायचं.

वर्षातून एकदा पाण्याचे थेंब टाकून बघा. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर ठीक, लगेच मुरले तर तेलाचा नवा हात द्या. जुनं हिरवट लाकूड सीसीए लावलेलं असण्याची शंका असेल, तर ते घासू नका आणि चुलीत किंवा शेकोटीत मुळीच घालू नका. आर्सेनिक धुरात आणि राखेत उतरतं.