हर्णै बंदराची दोन दिवसांची सहल: आधी तिथी बघा, मग खोली

दापोली तालुक्यात समुद्राकाठी जायचं ठरलं की बहुतेक जण आधी खोली शोधायला लागतात. हा क्रम उलटा करा. मुरूड, कर्दे, आंजर्ले, लाडघर यांपैकी कुठेतरी खोली मिळतेच. दोन दिवस कसे जातील हे ठरतं ते भरती-ओहोटीवर आणि हर्णै बंदरातल्या मासळीच्या लिलावावर.

महिना

ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चपर्यंतचा काळ उत्तम. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणजे लिलाव नाही. पावसाळ्यात समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्यावर होडीही जात नाही. मे महिन्यात आंबा मिळतो, पण उकाडा आणि गर्दीही सोबत येते. गणपती आणि शिमगा टाळाच. महामार्ग चाकरमान्यांनी भरलेला असतो आणि ज्यांच्या घरी उतरायचं, त्यांच्याच घरी सण असतो.

तिथी

हे गणित किनाऱ्यावर सगळ्यांना तोंडपाठ असतं. तिथीच्या आकड्याला तीनाने गुणा, चाराने भागा. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला पहाटे आणि दुपारी ३ वाजता, अष्टमीला सकाळी आणि संध्याकाळी ६ वाजता. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. कृष्ण पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीला एवढं पुरतं.

आता शनिवार-रविवार निवडा. पुनवेच्या किंवा अवसेच्या आसपास उधाणाची भरती दुपारी बाराच्या सुमारास येऊन जाते आणि सूर्यास्ताला पाणी लांब ओसरलेलं असतं. कर्द्याच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, मनसोक्त चालायचं तर हेच दिवस. अष्टमीला संध्याकाळी भरती असते, पुळण अरुंद होते; मात्र तेव्हा भांग, म्हणजे कमी जोराची भरती, असल्याने पाणी फार चढत नाही. तिथी कोणतीही असो, गाडी वाळूत नेऊ नका. ओल्या वाळूत चाक रुतलं आणि भरती सुरू झाली की ट्रॅक्टर येईपर्यंत इंजिनात खारं पाणी गेलेलं असतं.

प्रवास आणि मुक्काम

रेल्वेने खेडला उतरा. तिथून दापोली सुमारे ३० किलोमीटर. पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगाव, मग महाड, खेड. दापोलीहून हर्णैला एसटी आणि रिक्षा मिळतात. मुक्कामाचा फोन करताना एकच प्रश्न नक्की विचारा: "आम्ही मासळी आणली तर करून द्याल का?" नकार मिळाला तर दुसरं घर बघा.

पहिली संध्याकाळ

चारच्या सुमारास बंदरावर पोचा. मोठ्या नौका खोल पाण्यात नांगरलेल्या असतात. मासळी छोट्या होड्यांतून उथळ पाण्यापर्यंत येते आणि पुढे बैलगाडीतून काठावर. गुडघाभर पाण्यात शांत उभे असलेले बैल बघायला थोडा वेळ ठेवाच. लिलाव वाळूवरच होतो: कोळंबी, बांगडा, सुरमई, माकुल (स्क्विड) यांचे ढीग, भोवती व्यापाऱ्यांचं कडं, आणि आपल्याला समजेपर्यंत सौदा तुटलेलाही असतो. लिलावात बोली लावायच्या फंदात पडू नका. बाजूला बसलेल्या मावशींकडून मासळीचा वाटा, म्हणजे छोटा ढीग, घ्या, भाव जरूर करा, पण वाटा हातात घेऊन खाली टाकण्याचा खेळ दोनदा करू नका. चपला जुन्या घाला. मासळीचं पाणी सगळीकडे असतं.

दुसरा दिवस

सकाळी सुवर्णदुर्ग. निघायची वेळ होडीवाल्याला आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवा आणि तो सांगेल ती पाळा. वारा असेल तर तो नाही म्हणेल. जास्त पैसे दाखवून त्याला भरीला घालू नका. लाइफ जॅकेट मागून घ्या. उतरताना पाय भिजतात. गडावर टपरी नाही, प्यायचं पाणी सोबत न्या. महादरवाजाच्या पायरीवर कोरलेलं कासव आणि शेजारी तटातला मारुती घाईत निसटतात, तिथे थांबा. १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून हा किल्ला घेतला, तेव्हा पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते, हे तटावर उभं राहून आठवलं की जरा खुपतं. २०२५ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

किनाऱ्यावरचे कनकदुर्ग आणि गोवा किल्ला परतल्यावर बघून होतात. फत्तेगडावर वस्ती आहे. दुपार आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला द्या. सोंड उजवी, आणि वरून सकाळचा सुवर्णदुर्ग अख्खा दिसतो. वेळ उरलाच तर दापोलीकडे जाताना आसूदला उतरून सुपारीच्या बागांतून केशवराजाच्या देवळापर्यंत चढा.

सुकी मासळी न्यायची असेल तर ती हर्णैच्या शेजारच्या पाजपंढरीला मिळते. दोन पिशव्यांत घट्ट बांधून घ्या, नाहीतर खेडपर्यंत एसटीत तुमच्या शेजारची जागा रिकामीच राहील.