असुका कसं बघायचं: भातशेताखाली गेलेली जपानची जुनी राजधानी, एका दिवसात, सायकलवरून

जपानला जाणारी आपली बहुतेक मंडळी क्योटो करतात, नारा करतात, हरणांना बिस्किटं घालून फोटो काढतात आणि परत येतात. नाराच्याही आधीची राजधानी तिथून तासाभरावर आहे, तिचं नाव असुका. ५९२ मध्ये सम्राज्ञी सुइको इथे गादीवर बसली आणि ६९४ मध्ये राजधानी शेजारच्या फुजिवारा-क्योला हलली, तोपर्यंत मधली काही वर्षं सोडली तर कारभार इथूनच चालायचा. आज तिथे साधं खेडं आहे. भातशेतं, कौलारू घरं, आणि रस्त्याच्या कडेला कोणीच बसलेलं नसलेले भाजीचे स्टॉल, भाजी उचलायची, डब्यात नाणं टाकायचं आणि निघायचं.

जाण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर निराश व्हाल. इथे उभा असलेला एकही राजवाडा नाही. वाडे लाकडाचे होते, छपरं फळ्यांची नाहीतर सालींची, राजधानी हलली की चांगलं लाकूड नव्या गावाला जायचं. राहिलं ते सगळं दगडाचं आणि जमिनीखालचं. म्हणून असुका बघायला थोडा अभ्यास लागतो आणि भरपूर वेळ लागतो, नाराला जाता जाता दोन तासात उरकायची ही जागा नाहीच, अख्खा दिवस ठेवा.

पायरी १: पोचायचं कसं

ओसाकाच्या आबेनोबाशी स्टेशनवरून किन्तेत्सु रेल्वेची एक्सप्रेस पकडली की साधारण ४० मिनिटांत असुका स्टेशन. क्योटो किंवा नाराहून येणार असाल तर काशिहारा-जिंगुमाएला गाडी बदला, तिथून फक्त दोन स्टेशनं. किन्तेत्सु ही खाजगी रेल्वे आहे, जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेचा पर्यटकांसाठीचा पास, चालत नाही, आपले लोक इथे हमखास फसतात. मोठी बॅग हॉटेलवरच ठेवा, सुटे येन खिशात असू द्या.

पायरी २: सायकल घ्या

स्टेशनच्या बाहेरच भाड्याने सायकली मिळतात. गावात फिरणारी छोटी लाल बसही आहे पण ती ठराविक वेळेलाच येते, आणि इथली मजा दोन ठिकाणांच्या मधल्या रस्त्यातच आहे. पाय कुरकुरत असतील तर सरळ बॅटरीवाली सायकल घ्या, चढ लहान आहेत पण खूप आहेत. शेतातल्या वाटेवर सायकल जाते म्हणून बांधावर घालू नका, ती लोकांची चालू शेती आहे.

पायरी ३: आधी दक्षिणेला, चित्रांकडे

सगळे लोक स्टेशनवरून सुटतात ते थेट इशिबुताइ या अजस्र दगडी थडग्याकडे जातात. माझं ऐका, आधी दक्षिणेला कितोरा कोफुनकडे जा. कोफुन म्हणजे जुनं थडगं, आत दगडाची खोली आणि वर मातीचा ढिगारा. १९८३ मध्ये कितोराच्या आत एक बारीक फायबरस्कोप घातला तेव्हा भिंतीवर कासव आणि साप एकमेकांना विळखा घालून बसलेले दिसले, तो म्हणजे उत्तर दिशेचा राखणदार गेन्बु. पुढे बाकीचे तिघेही सापडले, निळा ड्रॅगन, पांढरा वाघ, लाल पक्षी, आणि छतावर आकाशाचा नकाशा, सोन्याच्या वर्खाचे तारे लाल रेघांनी जोडलेले. शेजारी २०१६ मध्ये उघडलेलं म्युझियम आहे, प्रवेश फुकट. खरी चित्रं भिंतीवरून सोडवून आतच जपून ठेवलीत, ती वर्षातून मोजकेच दिवस दाखवतात आणि त्यासाठी आधी नाव नोंदवावं लागतं, तारखा बघून तिकीट काढलंत तर सोन्याहून पिवळं.

तिथून परत येताना ताकामात्सुझुका. गावातल्या एका माणसाने आलं साठवायला खड्डा खणला तर खाली घडीव दगड लागला, त्यावरून पुढे १९७२ मध्ये रीतसर उत्खनन झालं आणि आत रंगीत झगे घातलेल्या बायकांची चित्रं निघाली. नंतर आत बुरशी वाढली, इतकी की २००७ मध्ये अख्खी दगडी खोली सुटी करून चित्रं दुरुस्तीला न्यावी लागली. आज तुम्हाला दिसतो तो नुसता हिरवा ढिगारा, चित्रांच्या हुबेहूब नकला बाजूच्या छोट्या दालनात आहेत. दालन चुकवू नका, ढिगारा बघून निघून गेलात तर काहीच बघितलं नाही असं होईल.

पायरी ४: दगड शोधत मध्यावर या

आता ईशान्येला वळा. वाटेत तेन्मु आणि जितो या राजाराणीचं थडगं लागतं, आत जाता येत नाही, राजघराण्याच्या कुठल्याच थडग्यात जाता येत नाही. पण पाच मिनिटं थांबा, कारण दहन झालेली जपानची पहिली राज्यकर्ती म्हणजे ही जितो. अग्नी द्यायची पद्धत बौद्ध धर्माबरोबर इकडे पोचली, आपल्याकडून निघालेली गोष्ट किती लांब आली बघा.

पुढे 'राक्षसाची चिरायची फळी' आणि 'राक्षसाचा संडास' असे दोन दगड आहेत, खरं तर ते एकाच फुटलेल्या थडग्याचे तळ आणि झाकण. मग कामेइशी, कासवदगड. घरांच्या मागे, बोळात, कुंपणाबिंपण काही नाही. साडेतीन मीटरचा एक धोंडा, खालच्या बाजूला दोन बटबटीत डोळे आणि रुंद तोंड, झोपेतून नुकतंच उठल्यासारखं. गावात सांगतात की हे कासव पश्चिमेला वळलं की सगळं खोरं चिखलाखाली जाईल. कोणी कोरलं, कशासाठी, कोणालाच माहीत नाही.

पायरी ५: इशिबुताइ

दुपारच्या जेवणाच्या वेळेला या, गर्दी कमी असते. जवळपास ३० अजस्र दगड, वरची माती कधीच निघून गेलेली, त्यामुळे थडग्याचा सांगाडाच उघडा पडलाय. छतावरचा सगळ्यात मोठा दगड ७७ टनांच्या आसपास. हे सोगा घराण्यातल्या सोगा नो उमाकोचं थडगं असावं असं मानतात, त्या काळचा सगळ्यात ताकदवान माणूस, ६२६ मध्ये गेला. आत उतरा. खोली पावणेपाच मीटर उंच आहे, दगडांच्या फटीतून उजेडाच्या पट्ट्या पडतात, आणि डोक्यावर काय आहे हे माहीत असल्यामुळे माणूस आपोआप हळू बोलतो.

पायरी ६: राजवाड्याची जागा आणि असुका-देरा

उत्तरेला जाताना वाड्याची जागा लागते, भातशेताच्या मधोमध दगडी फरसबंदी आणि विहिरीचा चौक बांधून दाखवलाय. ६४५ मध्ये याच जागेवरच्या आधीच्या वाड्यात सम्राज्ञीच्या समोर राजपुत्र नाका नो ओए आणि त्याचा साथीदार कामातारी यांनी उमाकोचा नातू इरुका याला मारलं, दुसऱ्याच दिवशी त्याच्या बापाने स्वतःचं घर पेटवून दिलं, सोगांची सत्ता तिथेच संपली. हे माहीत असेल तर ती रिकामी फरशी बघताना अंगावर काटा येतो, माहीत नसेल तर ती नुसती फरशी. म्हणून म्हटलं अभ्यास करून जा.

मग असुका-देरा, जपानमधलं पहिलं मोठं बौद्ध मंदिर, याच उमाकोने बांधलेलं. देऊळ जळलं, पडलं, आताचं लहानसं आहे, पण आतला ब्राँझचा, काळपट झालेला बुद्ध सुमारे ६०९ चा आहे, तोरी नावाच्या कारागिराचा, आणि तेव्हापासून तो त्याच जागेवर बसलाय. तातामीवर, म्हणजे गवती चटईवर, बसा आणि चेहरा नीट बघा. ११९६ च्या आगीनंतर तुकडे जोडलेत, गालावर आणि कपाळावर सांधे स्पष्ट दिसतात. डावीकडून बघा, मग सरकून उजवीकडून बघा, भाव बदलतो. फोटो काढायला परवानगी आहे, पण आधी दहा मिनिटं नुसतं बसा.

पायरी ७: संध्याकाळी टेकडीवर

शेवटी अमाकाशी टेकडी, जेमतेम दीडशे मीटर, सोगांचे वाडे इथेच होते. वरून उनेबी, मिमिनाशी आणि कागु हे तिन्ही डोंगर दिसतात आणि दिवसभर फिरलात तो सगळा भाग पायाशी येतो. सायकल परत करायची वेळ मात्र विसरू नका, स्टेशन बरंच लांब पडतं.

कधी जायचं म्हणाल तर सप्टेंबरचा शेवट. भात पिवळं पडायला लागतं आणि इनाबुचीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांच्या बांधावर लाल हिगानबाना फुलं येतात. खायला 'सो' मिळालं तर घ्याच, दूध तासन्‌तास आटवून केलेला जुन्या काळचा पदार्थ, या भागात पुन्हा बनवतात, पहिला तुकडा तोंडात टाकला की तुम्ही म्हणाल अरे हा तर आपला खवा.

आणि दुसऱ्या दिवशी नारात असाल तर गान्गो-जी मंदिरात जा. राजधानी पुढे नाराला गेल्यावर असुका-देरासुद्धा तिकडे नेलं, तेच हे; जुन्या जागी मात्र बुद्ध आणि लहानसं देऊळ राहिलं. मान वर करून छपराच्या पश्चिमेकडच्या उतारावर बघा, तपकिरी, करडी, एकसारखी नसलेली कौलं दिसतील. त्यातली काही असुकाहून आणलेली आहेत, आणि अजून पाऊस अडवतायत.