एएफएल खेळाडूची कारकीर्द आकड्यांतून कशी वाचावी

ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या खेळाडूचं पान उघडलं की समोर लांबलचक तक्ता येतो: साल, क्लब, सामने, गोल, बिहाइंड (एका गुणाचा फटका), किक, हँडबॉल (मुठीने मारलेला पास), मार्क, टॅकल, हिट-आउट, ब्राउनलोची, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूच्या पदकाची, मतं. क्रिकेटचे आकडे वाचून डोळा तयार झालेला माणूस थेट तळाच्या बेरजेकडे जातो आणि तिथेच फसतो. या खेळात आधी साल बघायचं, मग क्लब, मग खेळाडूची मैदानावरची जागा. बेरीज सगळ्यात शेवटी.

साल

१८९७ मध्ये आठ क्लबांची व्हिक्टोरियन फुटबॉल लीग सुरू झाली आणि १९९० मध्ये तिचंच नाव एएफएल, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग, झालं. दोन्हींचे आकडे सलग धरले जातात, म्हणून तक्त्यात एकच 'व्हीएफएल/एएफएल' असा मथळा दिसतो. आजही व्हीएफएल नावाची स्पर्धा चालते, पण ती वेगळी आणि खालच्या दर्जाची आहे. १९९० नंतरच्या खेळाडूच्या नावापुढे व्हीएफएलचे सामने दिसले तर ते एएफएलच्या सामन्यांत मिळवू नका.

गोल आणि सामने पहिल्या हंगामापासून नोंदलेले आहेत. किक, हँडबॉल आणि मार्क यांच्या सलग नोंदी १९६५ पासून मिळतात, टॅकलच्या १९८७ पासून. त्यामुळे एसेंडनच्या डिक रेनॉल्ड्सच्या पानावर ३२० सामने आणि तीन ब्राउनलो (१९३४, १९३७, १९३८) दिसतात, पण किकचा रकाना रिकामा असतो. रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. सरासरी काढताना अशी वर्षं भाजकातून वगळायची. १९८७ च्या आधी सुरू होऊन नंतर संपलेल्या कारकिर्दीत एकूण टॅकलना एकूण सामन्यांनी भागलं तर उत्तर हमखास कमी येतं.

२०२० चा हंगाम वेगळा काढून ठेवा. महामारीमुळे क्वार्टर २० मिनिटांऐवजी १६ मिनिटांचं झालं (खेळ थांबल्यामुळे वाया गेलेला वेळ धरून दिला जातो, तो वेगळा) आणि साखळीत प्रत्येक संघ २२ ऐवजी १७ सामने खेळला. त्या वर्षी जीलाँगच्या टॉम हॉकिन्सने ४२ गोलांवर कोलमन पदक (सर्वाधिक गोलांचं) जिंकलं. आधीच्या वर्षी जेरेमी कॅमेरनला ते ६७ गोलांवर मिळालं होतं, म्हणून हॉकिन्सचं वर्ष फिकं वाटतं. हिशेब करून बघा: ४२ भागिले १७ म्हणजे सामन्याला २.४७. वेळ भरून काढायला १.२५ ने गुणलं की ३.०९. असे २२ सामने धरले तर ६८. म्हणजे दोघांचं काम जवळजवळ सारखंच. २०२० ची कुठलीही सामनागणिक सरासरी वाचताना हा १.२५ चा गुणक लावायचा. अंदाज ढोबळ असतो, पण न लावण्यापेक्षा खूपच बरा.

क्लबचा रकाना

नाव बदललं म्हणजे खेळाडूने क्लब बदलला असं नाही. साउथ मेलबर्न १९८२ मध्ये सिडनीला गेला, पण क्लब तोच. फुटस्क्रे १९९६ च्या हंगामानंतर वेस्टर्न बुलडॉग्ज झाला. नॉर्थ मेलबर्न १९९९ ते २००७ नुसतं 'कांगारूज' म्हणून खेळत होता, त्यामुळे ब्रेंट हार्वीच्या १९९६ ते २०१६ या तक्त्यात तीन क्लब असल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात त्याचे ४३२ सामने एकाच क्लबसाठी आहेत. याच्या नेमकं उलट फिट्झरॉयचं. १९९६ अखेर तो ब्रिस्बेन बेअर्समध्ये विलीन झाला आणि ब्रिस्बेन लायन्स तयार झाला. इथे खेळाडूच्या नोंदी तीन क्लबांच्या म्हणून वेगळ्या ठेवल्या जातात.

नावांचीही खातरजमा करा. जॉश केनेडी नावाचे दोन खेळाडू एकाच काळात खेळले आणि दोघेही २०२२ मध्ये निवृत्त झाले: एक वेस्ट कोस्टचा फॉरवर्ड, दुसरा सिडनीचा मिडफिल्डर. तक्त्यात त्यांना मधल्या आद्याक्षराने ओळखायचं, जे. हा वेस्ट कोस्टचा आणि पी. सिडनीचा. गॅरी अ‍ॅब्लेट बाप-लेकांच्या बाबतीत साल बघितलं की पुरतं. १०३१ गोल वडिलांचे, दोन ब्राउनलो (२००९ आणि २०१३) मुलाची.

ड्राफ्टचा क्रमांक

राष्ट्रीय ड्राफ्ट १९८६ पासून आहे. गुणतक्त्यात तळाला राहिलेल्या क्लबला निवडीचा पहिला मान मिळतो. क्रमांक वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, निवडीच्या रात्री क्रमांक सरकतात. वडिलांनी ज्या क्लबसाठी किमान १०० सामने खेळले त्या क्लबला मुलावर हक्क मिळतो, क्लबांच्या अकादमीतल्या मुलांचंही तसंच. दुसऱ्या कुणी त्या मुलासाठी बोली लावली आणि हक्काच्या क्लबने तिची बरोबरी केली, की मागचे सगळे क्रमांक एकेक घराने खाली जातात. आदल्या दिवशीच्या बातमीत पाचवा असलेला क्रमांक नोंदीत सातवा दिसतो तो यामुळे. अंतिम यादीतला क्रमांकच धरा.

दुसरी, क्रमांकावरून कारकीर्द ठरत नाही. जेम्स हर्ड १९९० मध्ये ७९ वा निवडला गेला आणि १९९६ चं ब्राउनलो मायकल व्हॉसबरोबर विभागून जिंकला. डेन स्वान २००१ मध्ये ५८ वा होता, त्याला २०११ चं ब्राउनलो मिळालं. टॉम बॉइड २०१३ चा पहिला क्रमांक. २०१९ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा खात्यावर ६१ सामने होते. तरी त्या ६१ मधला एक सामना २०१६ ची ग्रँड फायनल, म्हणजे विजेता ठरवणारा अंतिम सामना, होती आणि त्यात त्याचे तीन गोल आहेत. त्याला फसलेली निवड म्हणणाऱ्याने तो एक सामना उघडून बघावा.

क्लबच्या यादीत चाळीसहून थोडे अधिक खेळाडू असतात आणि सामन्याला त्यांतले साधारण निम्मेच लागतात. उरलेले राज्य पातळीवर खेळतात. म्हणून पहिल्या दोन वर्षांत शून्य किंवा दोन-चार सामने दिसले तर घाबरायचं कारण नाही, विशेषतः रक (चेंडूसाठी उंच उडी मारणारा) किंवा उंच बचावपटू असेल तर. त्यांचं शरीर भरायलाच वेळ लागतो.

मैदानावरची जागा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बहुतेक तक्ते खेळाडूची जागा सांगत नाहीत, ती आकड्यांवरूनच काढावी लागते.

आधी हिट-आउट बघा. सामन्याला वीस-तीस असतील तर तो रक, म्हणजे पंचाने उडवलेला चेंडू उंच उडी मारून आपल्या माणसांकडे ढकलणारा. हिट-आउट नगण्य आणि गोल सामन्याला दोनच्या वर असतील तर फॉरवर्ड. डिस्पोजल, म्हणजे किक आणि हँडबॉल मिळून, पंचवीसच्या पुढे आणि क्लिअरन्स (गर्दीतून चेंडू बाहेर काढणं) चार-पाच असतील तर मध्यभागी गर्दीत चेंडू काढणारा मिडफिल्डर. डिस्पोजल तेवढीच पण क्लिअरन्स जवळजवळ नाहीत आणि मार्क भरपूर, असं असेल तर तो बहुधा मागून खेळ रचणारा हाफ बॅक किंवा मोकळ्या जागेत धावणारा विंगर. मार्क मोजला जातो तो किमान १५ मीटर आलेली किक हवेतच पकडली तर. मार्क जास्त आणि कॉन्टेस्टेड मार्क कमी, म्हणजे पकडताना अंगावर कुणी नव्हतं.

कुठल्याच रकान्यात ठळक आकडा नाही आणि तरी सामने दोनशेच्या वर आहेत? तो फुल बॅक समजा. कार्लटनच्या स्टीफन सिल्वानीला लीगच्या शतकातल्या सर्वोत्तम संघात फुल बॅकची जागा मिळाली, पण त्याच्या ३१२ सामन्यांची डिस्पोजल वाचून ते कधीच कळणार नाही. बचावपटूचं काम प्रतिस्पर्ध्याच्या तक्त्यात दिसतं: त्या दिवशी समोरच्या फुल फॉरवर्डचे गोल किती झाले ते काढा.

जागा कळली की फॉरवर्डांची तुलना करता येते, तीही काळ सांभाळून. टोनी लॉकेटचे २८१ सामन्यांत १३६० गोल, म्हणजे सामन्याला ४.८४. लान्स फ्रँकलिनचे ३५४ सामन्यांत १०६६, म्हणजे ३.०१. लॉकेटच्या काळात लांब किक सरळ फुल फॉरवर्डवर यायची आणि समोर बहुतेक वेळा एकच बचावपटू असायचा. पुढे संघ क्षेत्ररक्षणासारखी जाळी लावून बचाव करू लागले, गोल चार-पाच जणांत वाटले गेले. फ्रँकलिनने २००८ मध्ये शंभरी ओलांडली, त्यानंतर २०२५ पर्यंत कुणालाही ते जमलेलं नाही. दोघांना एकाच फूटपट्टीने मोजू नये. प्रत्येकाला त्या त्या वर्षीच्या इतर फॉरवर्डांशी ताडून बघावं.

गोल ३.२ असे लिहिलेले असतात, ते दशांश नव्हेत. तीन गोलांचे १८ आणि दोन बिहाइंडचे २, मिळून २० गुण. अचूकता काढताना गोलांना गोल अधिक बिहाइंडने भागतात, पण आखूड पडलेले किंवा थेट सीमेबाहेर गेलेले फटके यात येतच नाहीत. म्हणून ही टक्केवारी खऱ्यापेक्षा नेहमी चांगली दिसते.

खंड

सामने अचानक गळाले तर कारणं तीन: दुखापत, निलंबन, किंवा संघातून वगळणं. दोन-तीन आठवड्यांचा खंड बहुतेक वेळा मांडीमागच्या स्नायूचा, म्हणजे हॅमस्ट्रिंगचा असतो. एकच सामना चुकला आणि २०२१ नंतरचं साल असेल, तर डोक्याला मार लागल्यावरची किमान १२ दिवसांची सक्तीची विश्रांतीही शक्य असते. पूर्ण वर्ष कोरं म्हणजे बहुधा गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटलेला. सिडनीच्या अ‍ॅलेक्स जॉन्सनचा तक्ता बघा: २०१२ ची विजयी ग्रँड फायनल, त्याखालची ओळ थेट ऑगस्ट २०१८, दोन सामने, आणि संपलं. दुसऱ्या सामन्यात गुडघा पुन्हा गेला. त्या कोऱ्या जागेत एकामागून एक शस्त्रक्रिया आहेत. दुसऱ्या टोकाला मेलबर्नचा आयरिश रकमन जिम स्टाइन्स, सलग २४४ सामने, तेही मध्यावर पंच चेंडू उडवतो त्या प्रत्येक वेळी अंगावर अंग आदळण्याच्या जागी.

पदकं

ब्राउनलोला साखळीच्या प्रत्येक सामन्यात पंच ३, २, १ अशी मतं देतात. एकूण मतं जुन्या वर्षांशी ताडताना दोन काळ सांभाळा: सुरुवातीला, १९२४ ते १९३०, सामन्याला एकच मत होतं, आणि १९७६-७७ मध्ये दोन्ही मैदानी पंचांनी स्वतंत्र मतं दिली. १९७७ मध्ये ग्रॅहम टीसडेलला ५९ मतं पडली ती यामुळे. निलंबित खेळाडू पदकाला अपात्र ठरतो, तरी मतं नोंदीत राहतात. १९९७ मध्ये बुलडॉग्जच्या ख्रिस ग्रँटची मतं सर्वाधिक होती, पदक मात्र दुसऱ्याला गेलं. मिडफिल्डर पंचांच्या डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे बचावपटूची कमी मतं मनावर घेऊ नका.

कोलमन पदकात फक्त साखळीचे गोल धरतात. फ्रँकलिनचे २००८ चे ११३ आणि १०२ हे दोन्ही आकडे बरोबर आहेत, पहिला अंतिम फेऱ्या धरून.

विजेतेपदाचं पदक फक्त ग्रँड फायनलच्या दिवशी संघात असलेल्यांना मिळतं. २०१६ मध्ये बुलडॉग्जचा कर्णधार बॉब मर्फी गुडघ्यामुळे बाहेर होता. प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिजने स्वतःचं पदक मंचावर त्याच्या गळ्यात घातलं. मर्फीच्या ३१२ सामन्यांच्या नोंदीत विजेतेपद शून्यच आहे, आणि नियमाने ते बरोबर आहे. २०१० च्या ग्रँड फायनलमध्ये कॉलिंगवूड आणि सेंट किल्डा ६८-६८ वर अडले आणि सामना पुढच्या आठवड्यात पुन्हा झाला. त्या दोन संघांच्या खेळाडूंना त्या वर्षी दोन फायनल दिसतात, पण विजेतेपद एकच.

दुसऱ्या राज्यांतली कारकीर्द

एएफएल देशभर पसरण्याआधी दक्षिण ऑस्ट्रेलियाची एसएएनएफएल आणि पश्चिमेची डब्ल्यूएएफएल या स्वतंत्र, तगड्या स्पर्धा होत्या. नॉर्थ अ‍ॅडलेडच्या बॅरी रॉब्रनने तिथलं सर्वोत्तम खेळाडूचं मॅगारी पदक तीनदा जिंकलं (१९६८, १९७०, १९७३) आणि व्हीएफएलचा एकही सामना खेळला नाही. व्हीएफएल/एएफएलच्या तक्त्यात त्याचं नाव सापडणार नाही, हॉल ऑफ फेमच्या लेजंडांच्या यादीत मात्र आहे. त्या राज्यांतला खेळाडू २३-२४ व्या वर्षी पदार्पण करताना दिसला, तर त्याची आधीची वर्षं राज्याच्या लीगच्या नोंदीत शोधा आणि शेजारी वेगळ्या ओळीत लिहा.