फिनॉल-ॲनिलीनचं पाणी ईटीपीत सोडताना या चुका टाळा

नागपूरजवळची बुटीबोरीची औद्योगिक वसाहत असो की हिंगण्याची, ईटीपी म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट बिघडला की पहिला फोन बॅक्टेरिया कल्चर, म्हणजे घाण पचवणारे जंतू, विकणाऱ्याला जातो. पिशव्या येतात, टाकीत पडतात, आठवडाभर बरं चालतं आणि सीओडी (पाण्यातल्या घाणीचं माप) पुन्हा वर. बहुतेक वेळा दोष कल्चरचा नसतोच. घोळ प्रॉडक्शन शेडमध्ये, नालीच्या तोंडाशी झालेला असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सगळं पाणी एकाच इक्वलायझेशन टाकीत, म्हणजे सुरुवातीच्या साठवण टाकीत ओतणं. नायट्रोबेंझिन कॉस्टिक सोड्याने धुतल्यावर निघणारं पाणी घ्या. त्यातल्या नायट्रोफिनॉलच्या सोडियम क्षारांमुळे ते गर्द पिवळं, कधी लालसर दिसतं. हे पाणी थोडं आणि घट्ट असतानाच वेगळं ठेवा. फरशी धुतलेलं पाणी आणि कूलिंग टॉवरमधून बाहेर काढलेलं पाणी (ब्लोडाऊन) त्यात मिसळलं की मग नुसता खर्च वाढतो. शिवाय फिनॉल आणि ॲनिलीनचे स्वभाव उलटे आहेत. आम्लधर्मी पाण्यात फिनॉल घाण शोषणाऱ्या कार्बनला चिकटतो, सॉल्व्हंटमध्ये जातो. पीएच १० च्या वर गेला की क्षार होऊन पाण्यातच बसून राहतो. ॲनिलीन मात्र आम्लात विरघळून राहतं आणि अल्कलीत सुटतं. दोन्ही एकत्र केलीत तर आम्लात ॲनिलीन आणि अल्कलीत फिनॉल पकडायला अवघड जातं. त्यात नायट्राइट असलेलं आम्लाचं पाणी आलं, तर ॲनिलीनचं डायझो संयुग होऊन ते फिनॉलशी जुळतं आणि टाकीतच नवा नारिंगी रंग तयार होऊ शकतो. मग रंग आला कुठून म्हणून सगळे डोकं खाजवत बसतात!

दुसरी गंमत फेंटनची, म्हणजे रसायनांनी घाण मोडण्याच्या पद्धतीची. पीएच ३ च्या आसपास लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात. सीओडी उतरत नाही म्हणून आणखी पेरॉक्साइड ओतलं, तर आकडा अजूनच चढतो. कारण उरलेलं पेरॉक्साइड सीओडीच्या चाचणीतलं डायक्रोमेट खातं: पेरॉक्साइडच्या दर मिलिग्रॅममागे साधारण ०.४७ मिलिग्रॅम खोटा सीओडी. आधी स्टार्च-आयोडाइडची पट्टी बुडवून पाहा. निळी झाली तर पीएच वाढवून उरलेलं पेरॉक्साइड मोडू द्या, मगच सॅम्पल लॅबला पाठवा. आणि डोस थोडा थोडा द्या. घट्ट पाण्यात एकदम ओतलं की उष्णता आणि फेस आवरत नाही.

लॅबच्या कागदावर फिनॉल १ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आत दिसला, म्हणजे नदी-नाल्यात सोडण्याच्या मर्यादेत बसला, म्हणून निश्चिंत होऊ नका. फिनॉल मोजायची नेहमीची अमिनोॲण्टिपायरिनची रंग-चाचणी पॅरा-नायट्रोफिनॉलसारख्या काही पॅरा-जोडाच्या फिनॉलांना जवळजवळ पकडतच नाही. तुमच्या मालात ते असतील तर एचपीएलसीवर, म्हणजे प्रत्येक रसायन वेगळं करून मोजणाऱ्या यंत्रावर, तपासून घ्या.

एरेशन टाकीवर (जिथे जंतूंना हवा देतात) बेंझिन-टोल्युइनचा वास येतोय आणि सीओडी मात्र छान उतरतोय? मग ते जिरत नाही, हवेत उडतंय. ते आधीच स्टीम स्ट्रिपिंगने, म्हणजे वाफेने उडवून, काढून घ्यायला हवं होतं.

दिवाळीच्या बंदमध्ये टाकीतला जंतूंचा गाळ जगवायला गूळ आणि शेण घालतात. घाला, पण नुसत्या गुळावर ठेवलेला गाळ फिनॉल पचवायची सवय विसरतो. बंदच्या काळातही फिनॉलचं पाणी अगदी कमी प्रमाणात देत राहा, आणि प्लांट सुरू झाल्यावर भार टप्प्याटप्प्याने वाढवा. बीओडीच्या (जंतूंना पचवता येणाऱ्या घाणीच्या) १०० भागांना नायट्रोजन ५ आणि फॉस्फरस १ हे गणित तेव्हाही चुकवू नका. युरिया आणि डीएपी ही खतं त्यासाठीच असतात.

उन्हाळ्याचं वेगळं. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. ३० अंशांच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ४० अंशांत साडेसहाच्याही खाली येतो, आणि जंतूंची भूक मात्र वाढलेली असते. गरम प्रोसेसचं पाणी थंड करूनच एरेशनला द्या, पेरॉक्साइडचे कॅन पत्र्याच्या शेडखाली तापू देऊ नका, आणि टाकीत हवा सोडणाऱ्या डिफ्युझरची साफसफाई फेब्रुवारीतच उरकून घ्या.