रताळं म्हणजे बटाटा नव्हे: या चुका टाळा

एकादशीला रताळी कुकरला लावायची, बटाट्याच्या सवयीने चार शिट्ट्या द्यायच्या आणि मग डब्यातून लगदा खरवडत बसायचं, हे पुष्कळ घरांत होतं.

मुख्य घोळ पाण्याचा. सोलून, फोडी करून पाण्यात बुडवलेलं रताळं पचपचीत होतं आणि त्याची गोडी पाण्यात उतरते. नीट धुऊन, सालासकट, कोरड्या डब्यात ठेवा. पाणी फक्त कुकरच्या तळाशी. मध्यम रताळ्याला दोन शिट्ट्या पुरतात. फार जाड असेल तर मधून दोन तुकडे करा.

‘फिकंच लागतं’ ही तक्रार बहुधा मायक्रोवेव्हवाल्यांची. रताळ्याची बरीचशी गोडी शिजताना तयार होते. त्यातलं एक विकर (एन्झाइम) पिष्टाची माल्टोज साखर करतं, साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसला. मायक्रोवेव्ह हा टप्पा झरकन ओलांडतो आणि विकराला कामाला वेळच मिळत नाही. निखाऱ्यात भाजलेलं रताळं इतकं गोड का, याचं उत्तर हेच. चूल नसेल तर जाड बुडाच्या कढईत, झाकण ठेवून, मंद आचेवर अर्धा तास उलटसुलट करत भाजा. मधुमेह असेल तर मात्र उकडलेलंच बरं. भाजलेल्याने रक्तातली साखर जास्त वेगाने चढते.

कच्ची रताळी फ्रिजमध्ये ठेवू नका. १२-१३ अंशांखाली बरेच दिवस राहिली की गाभा दडस होतो, मग कितीही शिजवा. त्यांची जागा टोपलीत, हवेशीर कोपऱ्यात. उकडलेली मात्र खुशाल फ्रिजमध्ये ठेवा, सकाळची घाई तिथेच वाचते.

गुळातले काप चिवट होतात, कारण गूळ आधी पडतो. काप तुपावर वाफवा, सुरी सहज आत गेली की मगच गूळ आणि वेलची. कीस काळा पडू नये म्हणून थेट पाण्यात किसा, हलक्या हाताने पिळा आणि सारखं ढवळू नका, गोळा होतो. दाण्याचं कूट शेवटी.

भुंग्याने पोखरलेलं, कडू लागणारं रताळं सरळ टाकून द्या. तो कडूपणा शिजवून जात नाही आणि तो पोटालाही चांगला नाही. ‘तेवढा भाग काढून टाकू’ ही काटकसर इथे नको.

आणि ‘हेल्दी’चं म्हणाल, तर १०० ग्रॅम रताळ्यात प्रथिनं जेमतेम दीड ग्रॅम. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि वर रताळं म्हणजे पिष्टावर पिष्ट! त्यापेक्षा उकडलेल्या फोडी, घट्ट दही, मूठभर कूट आणि वरून तुपात जिरं-मिरचीची फोडणी. केशरी गराचं रताळं असेल तर हे तूप दुप्पट कामाचं, कारण त्यातलं बीटा कॅरोटीन (ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं) स्निग्धतेशिवाय फारसं अंगी लागत नाही. रताळी आदल्या रात्री उकडलेली असली, तर हे सगळं दहा मिनिटांत पानात येतं.