कॅराव्हॅनमध्ये तीन मुक्काम: पाणी आणि विजेचं गणित असं बसवा

कॅराव्हॅन घेऊन आडवाटेला राहायचं म्हटलं की सगळी चर्चा सोलर आणि बॅटरीभोवती फिरते. पण मुक्काम आवरता घ्यावा लागतो तो बहुतेक वेळा पाणी संपल्यामुळे. वीज छपरावर रोज थोडीफार तयार होते. पाणी मात्र निघताना भरलं तेवढंच. म्हणून आधी पाण्याचा हिशेब, मग विजेचा. इथलं गणित चौघांचं कुटुंब, तीन मुक्काम आणि सह्याद्रीतला फेब्रुवारी-मार्च धरून केलं आहे. माणसं आणि ऋतू बदलले की आकडे बदला, पद्धत तीच ठेवा.

१. निघण्याआधी पाणी मोजा

शहरातल्या पाणीपुरवठ्याचा मापदंड माणशी रोज १३५ लिटरचा आहे. ग्रामीण भागासाठी जलजीवन मिशनने ५५ लिटर धरले आहेत. कॅराव्हॅनमध्ये आपल्याला १०-१२ लिटरांत बसायचं आहे. ऐकायला अवघड वाटतं, पण जमतं.

चौघांचा एका दिवसाचा हिशेब असा: पिणं आणि स्वयंपाक १६ लिटर, भांडी ४, हात-तोंड ५, अंग पुसणं किंवा तांब्याने आटोपशीर अंघोळ १२, टॉयलेटच्या फ्लशला ६. एकूण ४३ लिटर, तीन दिवसांचे साधारण १३०. म्हणजे १०० लिटरची टाकी आणि पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे दोन जार पुरतात, वर १० लिटर हाताशी उरतात. पिण्याचं पाणी जारमध्ये वेगळंच ठेवा. टाकीत काही बिघडलं तरी घसा कोरडा पडत नाही.

१०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन हे विसरू नका. जार गाडीच्या मागच्या टोकाला एकाच बाजूला रचू नका, शक्यतो चाकांच्या आसाजवळ ठेवा.

२. टाकी धुऊन, घरूनच भरा

बरेच दिवस बंद असलेल्या टाकीत बुळबुळीत थर धरतो. १०० लिटरच्या टाकीला ५ टक्के तीव्रतेचं, सुगंध न मिसळलेलं सोडियम हायपोक्लोराइट (साधं ब्लीच) १०० मिली घाला, टाकी पूर्ण भरा, प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा आणि चार तास तसंच राहू द्या. मग सगळं पाणी काढून वास जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवा. भरायला बागेचा हिरवा पाइप वापरू नका, पिण्याच्या पाण्यासाठीचा फूड-ग्रेड पाइप घ्या.

भरायचं कुठे, हा प्रश्न माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा आहे. शहापूर तालुक्यातल्या भातसा, तानसा आणि वैतरणेच्या धरणांतून मुंबईला पाणी जातं, आणि त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. अशा ठिकाणी विहिरीवरून १०० लिटर भरून घेणं म्हणजे कुणाच्या तरी घरचे आठ-दहा हंडे उचलून नेणं. गावकरी पाहुण्याला नाही म्हणत नाहीत, म्हणूनच आपण मागू नये. घरून भरून निघा. वाटेत कमी पडलं तर मोठ्या गावातल्या फिल्टर प्लांटवर पैसे देऊन जार घ्या. अगदीच झऱ्याचं किंवा विहिरीचं पाणी प्यायची वेळ आली, तर गाळून, खळखळून उकळल्याशिवाय तोंडाला लावू नका.

३. रोजचं पाणी सकाळीच वेगळं काढा

टाकीवरच्या इंडिकेटरवर विसंबू नका, उतारावर गाडी उभी असली की तो हमखास चुकीचं दाखवतो. त्यापेक्षा भांडी, हात-तोंड आणि अंघोळीचं दिवसाचं २१ लिटर पाणी सकाळीच तोटीच्या कॅनमध्ये काढा आणि पंपाचा स्विच बंद करा. कॅन संपला की आजचं संपलं. मुलांनाही हे लगेच कळतं. पंप बंद ठेवण्याचं आणखी एक कारण आहे: एखादा नळ ठिबकत राहिला तर दाब कमी होऊन पंप रात्रभर अधूनमधून चालू होतो आणि सकाळी टाकी रिकामी सापडते.

खरी बचत भांड्यांत आहे. जेवायला पत्रावळी घ्या. उरलेली भांडी आधी पोळीच्या तुकड्याने, मग कागदाने पुसून घ्या, तेल आणि मसाला पाण्यात जाताच कामा नये. एका टोपात दोन लिटर पाणी आणि थेंबभर साबण, त्यात सगळी घासा. खळबळायला दुसरा टोप न भरता स्प्रेची बाटली वापरा. कुकर आणि कढई सगळ्यात शेवटी. चौघांची दोन वेळची भांडी चार लिटरांत निघतात. शॉवर मात्र टाळाच, तो मिनिटाला सहा-आठ लिटर ओततो.

४. वीज युनिटमध्ये मोजा

बॅटरीवर अँपिअर-अवर लिहिलेलं असतं, त्याने काही बोध होत नाही. त्याला व्होल्टने गुणा. १२.८ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे १,२८० वॅट-अवर, वीजबिलाच्या भाषेत सव्वा युनिट (एक युनिट म्हणजे १,००० वॅट-अवर). त्यातले ८० टक्के वापरायचे असं धरा. घरच्या इन्व्हर्टरसारखी लेड-अॅसिड बॅटरी असेल तर निम्मीच वापरा, नाहीतर ती लवकर दगा देते.

आता रोजचा खर्च. १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज सुमारे ५०० वॅट-अवर, दोन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे रात्रभर ४००, एलईडी दिवे ८०, चार फोन आणि एक लॅपटॉप १२०, पाण्याचा पंप २०. बेरीज १,१२०, म्हणजे सव्वा युनिटच्या जरा आत.

जमेला काय? छपरावर सपाट बसवलेलं ३०० वॅटचं पॅनेल अशा मोसमात दिवसाला साधारण एक युनिट देतं. तापलेल्या पत्र्यावर ते कमीच देतं, म्हणून पॅनेल आणि छप्पर यांत हवा खेळायला दोन-तीन इंच जागा सोडा. २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी जोडीला असली की तीन दिवस निवांत जातात. जुलैमध्ये ढगांखाली मात्र हेच पॅनेल पाव भागावर येऊ शकतं. तेव्हा इंजिनवर चालणारा डीसी-डीसी चार्जर हवा. ३० अँपिअरचा चार्जर तासाभराच्या प्रवासात सुमारे ४०० वॅट-अवर भरतो.

५. गळती कुठे आहे ते शोधा

सगळ्यात मोठी गळती म्हणजे नुसताच चालू ठेवलेला इन्व्हर्टर. काही न जोडताही तो १०-२० वॅट खातो. दिवसभराचे ते २४० ते ४८० वॅट-अवर होतात, जवळजवळ फ्रिजएवढेच. फोन, पंखे, दिवे थेट १२ व्होल्टवर चालवा आणि इन्व्हर्टर लागेल तेव्हाच लावा. इंडक्शन शेगडी, गिझर आणि एसी यांचा नाद सोडा. १,८०० वॅटच्या शेगडीला १२ व्होल्टवर दीडशे अँपिअर लागतात. स्वयंपाकाला पाच किलोचा गॅस सिलिंडर उत्तम, फक्त खिडकी उघडी ठेवा आणि ऊब यावी म्हणून शेगडी पेटती ठेवून झोपू नका.

लिथियमची पातळी व्होल्टवरून कळत नाही, ती जवळजवळ संपेपर्यंत १३ च्या आसपासच दाखवते. शंट लावलेला, म्हणजे बॅटरीत जाणारा-येणारा करंट मोजणारा बॅटरी मॉनिटर बसवून घ्या. बॅटरीच्या पॉझिटिव्हला अगदी जवळ योग्य फ्यूज असलाच पाहिजे.

गाडी उभी करताना सकाळचं ऊन कुठून येतं ते बघा. डोंगराच्या पश्चिम पायथ्याशी सूर्य उशिरा येतो. एका फांदीची सावली पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली तरी उत्पादन बरंच घसरतं. पंख्यांसाठी वीज जपायची तर माणसांना झाडाखाली बसवा, गाडी उन्हात ठेवा.

६. सांडपाणी खाली सोडू नका

पवना धरणाच्या काठी तंबू आणि गाड्यांची रांग लागते, आणि त्याच धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळांना येतं. बेसिनच्या पाइपाखाली कॅन लावा. त्यातलं कमी साबणाचं, गाळलेलं पाणी काठापासून निदान ६० मीटर लांब, मोकळ्या जमिनीवर पसरून टाका. टॉयलेटची कॅसेट (खालची, काढता येणारी मैल्याची टाकी) १८-२० लिटरची असेल तर चौघांना दोन-तीन दिवस पुरते. ती फक्त ड्रेनेजला जोडलेल्या शौचालयात रिकामी करा, तीही आधी विचारून. कॅसेटमध्ये घालायचं फॉर्मल्डिहाइडचं रसायन सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतं, एन्झाइमवालं घ्या.

घरी आल्यावर टाकी आणि पाइप पूर्ण रिकामे करून झाकण उघडं ठेवा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर लिथियम बॅटरी निम्म्यावर आणि लेड-अॅसिड पूर्ण भरून, मेन स्विच बंद करून ठेवा.