पोच घेतलीत का? (ॲडमिशनची तयारी, दिवाळी ते जून)

मोठीच्या वेळी माती खाल्ली म्हणून धाकट्याच्या वेळी शाळेच्या ॲडमिशनचं हे सगळं वहीत लिहून ठेवलं होतं, आता वरच्या मजल्यावर नवीन आलेली दोन कुटुंबं रोज जिन्यात गाठून तेच विचारतायत म्हणून इथे एकदाच टाकतेय. आम्ही रत्नागिरीत कुवारबावला राहतो. फ्लॅट घेताना बिल्डरने रेल्वे स्टेशन जवळ, हायवे जवळ, पाणी भरपूर (हो का) सगळं सांगितलं, शाळेचं त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. कुवारबाव, नाचणे, मिरजोळे, खेडशी हा पट्टा सगळा ग्रामपंचायतींचा, दहा-पंधरा गुंठ्यांवर एकेक बिल्डिंग उठते, मोठ्या लेआउटला तरी सोयीसुविधांसाठी जागा सोडावी लागते, इथे पार्किंगलाच जागा नाही तर शाळेला कुठून येणार. आणि माझ्या सासरच्या वाडीत जाऊन बघा, कौलारू छान शाळा, पटावर सहा मुलं. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून एक ‘समूह शाळा’ करायचं निघालं तेव्हा तिकडे सगळे धास्तावले होते. इथे आमच्याकडे नर्सरीच्या फॉर्मसाठी गेटपासून माडापर्यंत लाईन.

तर तयारी दिवाळीत सुरू करायची, मे महिन्यात नाही. पझेशन मिळालं की बघू म्हणणाऱ्यांनी पुढचं वाचू नका.

पहिलं वय. ज्या वर्षी प्रवेश त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला नर्सरीसाठी 3 पूर्ण, पहिलीसाठी 6 पूर्ण. जानेवारीत जन्मलेलं असेल तर गप एक वर्ष थांबा, शिपायापासून हेडबाईंपर्यंत कोणाला विनवण्या करून काही होत नाही.

मग जन्मदाखला. आपल्याकडे बाळंतपण माहेरी, म्हणजे नोंद माहेरच्या गावची. मोठीचा दाखला देवरुखचा, आणि आठवण झाली फॉर्मच्या आदल्या रात्री. गणपतीत माहेरी जाल तेव्हाच दोन-तीन प्रती काढून आणा. दाखल्यावर नुसतं ‘बाळ’ असेल तर नाव घालून घ्या, आणि आधारवर, दाखल्यावर स्पेलिंग एकच हवं, मराठीतपण आणि इंग्रजीतपण. आमच्या पोरीच्या आधारवर एक ‘ए’ जास्त होता, त्या एका ‘ए’पायी दोन हेलपाटे. फोटो, झेरॉक्स, लसीकरणाचं कार्ड, हे काय सांगायचं.

शाळा बघताना रंग, झोपाळे, एसी बघू नका. यू-डायस नंबर (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) विचारा, 11 आकडी असतो, महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो. बोर्डावर ‘सीबीएसई पॅटर्न’ लिहिलेलं असेल तर पॅटर्न म्हणजे काय ते विचारा, सीबीएसई बोर्डाची संलग्नता, म्हणजे मान्यता, आहे का तेवढंच बोला म्हणावं. 2012 च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर नव्या शाळा बहुतेक विनाअनुदानित, म्हणजे पगारापासून पंख्यापर्यंत सगळं आपल्या फीमधून, त्यामुळे पुढच्या दोन-तीन वर्षांची फी आजच विचारा. डोनेशन मागितलं तर ते बेकायदा आहे, आणि एवढ्याशा पोराची किंवा तुमची मुलाखत घेऊन गाळणं हेसुद्धा, 2009 च्या आरटीई (शिक्षणहक्क) कायद्यात कलम 13 बघा. वाद घालायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी घातला नाही.

एका शाळेवर राहू नका. किमान तीन फॉर्म, आणि त्यातली एक जिल्हा परिषदेची. नाक मुरडू नका, पहिलीपासून पुढे ती शाळा तुम्हाला नाही म्हणू शकत नाही, वर्षाच्या मध्येसुद्धा, आणि आमच्या इथल्या बाई ज्या तळमळीने शिकवतात ते बघितलं तर तुम्हीच गप्प व्हाल. फक्त दोन इयत्ता एका खोलीत बसतात, ते आहे.

आता मुख्य. फॉर्म दिलात की पोच घ्या.

मोठीच्या वेळी मी शनिवारी साडेअकराला फॉर्म घेऊन गेले, खिडकीतल्या क्लार्कबाई फोनवर बोलत होत्या, त्यांनी मानेनेच ‘ठेवा’ म्हटलं, मी गठ्ठ्यावर ठेवला, गठ्ठ्यावर चहाच्या कपाचा गोल डाग होता तो अजून डोळ्यासमोर आहे. ‘फोन येईल ताई.’ मी आपली खूश होऊन घरी. एप्रिलमध्ये यादी लागली, नाव नाही, वेटिंगमध्येपण नाही. गेले तर म्हणतात तुमचा फॉर्म आलाच नाही. पोच दाखवा. पोच कुठाय? नाही. झालं. पोरगी वर्षभर नऊ किलोमीटरवरच्या शाळेत गेली, सकाळी साडेसहाला रिक्षा, डोळे मिटलेले आणि हातात पोळीचा रोल.

म्हणून सांगते, तुमच्याकडच्या झेरॉक्सवर शाळेचा शिक्का, तारीख, आवक नंबर, सही. ‘इथे असं देत नाही’ म्हणाल्या तर तिथेच उभ्या राहा, मागच्या लाईनला चुळबुळू दे. ऑनलाईन फॉर्म असेल तर नंबर आलेला स्क्रीनशॉट, आणि तो नवऱ्याच्या मोबाईलमध्येपण. तोंडी ‘होईल हो’ ही पोच नाही. ओळखीच्या सरांनी ‘मी बघतो’ म्हटलं ही तर अजिबातच पोच नाही.

आरटीईच्या 25 टक्क्यांत (खासगी शाळांतल्या राखीव जागा) बसत असाल तर तो फॉर्म वेगळा, ऑनलाईन, दहा शाळांपर्यंत निवडता येतात. दुर्बल घटकातून भरत असाल तर उत्पन्न एक लाखाच्या आत, तहसीलदारांचा दाखला लागतो, आणि तो डिसेंबरातच काढा. भाड्याने राहत असाल तर करार नोंदणी केलेला हवा, नुसता स्टॅम्पपेपरवर घरमालकाने सही करून दिलेला नाही चालत, आणि फॉर्म भरायच्या आधीच्या तारखेचा. नकाशावर घराचा टिकला नीट लावा, आमच्या शेजाऱ्यांचा टिकला पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) पलीकडे पडला आणि सगळं मुसळ केरात. अंतर नकाशावर मोजतात, मध्ये घाटी चढायची आहे की वहाळ आहे ते नकाशाला काय कळतंय. फॉर्म भरला की प्रिंट. ती पोच.

यादी लागली की त्याच दिवशी जा. वेटिंगला असाल तर नंबर लिहून घ्या आणि दर सोमवारी फोन, मे महिन्यात बदलीवाले जातात तेव्हा जागा सुटतात. काहीच नाही झालं तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी अर्ज. दोन प्रती. एकीवर काय घ्यायचं ते आता मी सांगत नाही.

बाकी मग रिक्षाकाका मेमध्येच ठरवा, जूनमध्ये मिळत नाहीत. युनिफॉर्म एक माप मोठा. फी भरलीत की पावती. 15 जूनला शाळा आणि पाऊस एकदमच येतात, रेनकोट दोन घ्या, एक पहिल्याच आठवड्यात रिक्षात राहतो.